बँड तोच, गणवेश तोच. मग तो आवाज कुठं गेला?

बाळीवेस_वरात

सोलापुरातला एक जुना बँड. नाव लिहीत नाही. ओळखणारे ओळखतील, आणि कुणाच्या पोटावर पाय द्यायचा नाही. या बँडची खूण म्हणजे क्लॅरिनेट. वरात अजून वळणापलीकडे असायची, दिसत काही नसायचं, तरी गच्चीवरून नाव घेतलं जायचं. पुढं चार क्लॅरिनेट, त्यांतले दोन चाल धरणारे आणि दोन खालून साथ करणारे. मागं चार ट्रंपेट, दोन युफोनियम, एक सॅक्सोफोन, दोन साइड ड्रम, एक मोठा ढोल, एक झांज. खुळखुळे, गायक आणि मास्तर धरून २१ जण.

आता त्याच नावाखाली येते ती एक गाडी. गाडीवर कीबोर्ड, ऑक्टोपॅड (काठ्यांनी वाजवायचे इलेक्ट्रॉनिक ताल), गायक, गायिका, जनरेटर. पुढं चालणारे बरेचसे खुळखुळे हलवतात. क्लॅरिनेट एखादा, तोही फोटोपुरता. आवाज असा की डोळे मिटून ऐकलं तर शहरातला कुठलाही बँड असू शकतो.

यावर लोक म्हणतात, "माणसं कमी केली म्हणून झालं." पण नुकतंच एका लग्नात जादा पैसे देऊन चार क्लॅरिनेटसकट पूर्ण २१ जण बोलावले होते. तरी तो आवाज आला नाही. म्हणून जाणकारांना दोनच प्रश्न. एक, नेमकं काय बदललंय? दोन, तुळशीच्या लग्नानंतरच्या मुहूर्ताला सुपारी द्यायची आहे, म्हणजे बँड ठरवायचा आहे. देताना काय काय ठरवून घेतलं तर जुन्याच्या जवळ जाता येईल? "डीजे वाईट, बँड चांगला" हा वाद इथं नको, त्याचे धागे ढिगानं पडलेत.

काळी_पाच

माणसं वाढवून आवाज येत नाही याचं कारण पट्टीत आहे, म्हणजे सा कुठल्या सुरावर धरला त्यात. जरा सविस्तर लिहितो, कारण नव्वद टक्के यजमानांना हे कुणी सांगतच नाही.

बँडमधला क्लॅरिनेट आणि ट्रंपेट दोन्ही बी फ्लॅटचे. म्हणजे वाजवणारा ज्याला सी म्हणतो तो फुंकला की पेटीवरची काळी पाच, म्हणजे सप्तकातली पाचवी काळी पट्टी, ऐकू येते. जुन्या मास्तरांनी म्हणूनच सगळी गाणी काळी पाच, काळी दोन किंवा पांढरी चार यांतच बसवलेली असत. मूळ गाणं कुठल्याही पट्टीतलं असो, बँडमध्ये आलं की ते या तीन घरांपैकी एकात राहायला जायचं. काळी पाचला वाजवणाऱ्याच्या हाताखाली सी स्केल येतो, काळी दोनला एफ, पांढरी चारला जी. तिन्ही हाताला सोपे, चालता चालता वाजवता येणारे.

आता गाडीवर गायक आला. कीबोर्डवाला मूळ गाण्याचीच पट्टी धरतो. समजा ती पांढरी सहा आहे. पेटीवाल्याला काही फरक पडत नाही, पण क्लॅरिनेटवाल्यासमोर बी मेजर उभा राहतो, पाच शार्पचा, म्हणजे पाच सूर अर्ध्या स्वरानं चढे. पांढरी तीन असेल तर एफ शार्प, सहा शार्प.

यात नेमकं काय बिघडतं ते बघा. क्लॅरिनेटच्या मधल्या भागात जी, जी शार्प, ए, ए शार्प हे चार सूर येतात. जवळजवळ सगळी भोकं उघडी असतात, नळी आखूड झालेली असते, म्हणून हे सूर पोकळ आणि दबके निघतात. त्याच्या लगेच वरचा बी काढायला मात्र सगळी बोटं एकदम दाबावी लागतात आणि अंगठ्यानं रजिस्टरची चावी उघडावी लागते. ही ओलांडण कुठल्याच स्केलला चुकत नाही. पण बी मेजरमध्ये ती बरोबर नी आणि सा यांच्यामध्ये पडते. म्हणजे प्रत्येक ओळ जिथं सा वर येऊन टेकते तिथंच सगळ्यात दबका सूर आणि सगळ्यात अवघड उडी! सगळी बोटं एका क्षणी बसली नाहीत तर चीं असा आवाज निघतो. भर चौकात चार वेळा चीं झालं की वाजवणारा पाचव्या वेळी फुंकतच नाही, नुसती बोटं हलवतो. तुमच्या त्या २१ जणांच्या लग्नात बहुधा हेच झालं असेल.

ट्रंपेटचंही तसंच. खालचा सी शार्प तिन्ही व्हॉल्व्ह दाबून निघतो आणि तो मुळातच चढा असतो. तिसऱ्या व्हॉल्व्हची नळी बोटानं बाहेर सारून तो उतरवायचा असतो. घामेजल्या हातानं, गर्दीत धक्के खात हे कोण करणार?

उपाय फुकटचा आहे. कीबोर्डवर ट्रान्सपोजचं बटण असतं. पांढरी सहाचं गाणं एक घर वर नेलं की काळी पाच होतं. पांढरी तीनचं एक घर खाली आणलं की काळी दोन, वर नेलं की पांढरी चार. गायकाचा अर्ध्या स्वरानं घसा बसत नाही. अडचण येते ती पेन ड्राइव्हवरचा ट्रॅक लावून त्यावर वाजवणाऱ्यांची. तो ट्रॅक आधी मोबाइलवर किंवा संगणकावर पट्टी बदलून भरून आणायला सांगा.

दुसरी गोष्ट वहीची. तुम्ही लिहिलंय ना, दोघं चाल धरायचे आणि दोघं साथ करायचे. ती साथ मास्तरांच्या वहीत लिहिलेली असे. दुसरा क्लॅरिनेट तिसऱ्या किंवा सहाव्या सुरानं खालून जायचा, युफोनियम ओळीच्या शेवटी मोकळ्या जागेत उत्तर द्यायचा. ज्याला आपण "त्यांचा आवाज" म्हणतो त्यातलं अर्धं ही वहीच होती. वही ज्याच्याकडे होती तो मास्तर गेला किंवा वेगळा झाला, की उरलेले चौघंही एकच चाल वाजवतात. चार जण एक चाल वाजवतात तेव्हा एकाच क्लॅरिनेटचा मोठा आवाज येतो, एवढंच.

गाडीवरचा_साउंड

वरच्यांचं पटलं. पण अर्धा दोष आमच्या लोकांचाही आहे, तो कबूल करून टाकतो.

पूर्वी गाडीवर दोन-चार भोंगे असायचे. भोंगा साधारण ३०० हर्ट्झच्या खालचं काही देतच नाही आणि वर पाच-सहा हजारांपर्यंत जाऊन थकतो. ऐकायला नाकातला, पण क्लॅरिनेटची चाल आणि तिचा करकरीतपणा नेमका याच पट्ट्यात बसतो. म्हणून भोंग्यातून गायकाची मारामार व्हायची, क्लॅरिनेट मात्र पार पुढच्या चौकात जायचा. त्या आवाजात भोंग्याचाही वाटा होता, हे बँडवाले मान्य करणार नाहीत.

आता गाडीवर १८ इंची बेस (खालच्या सुरांचे स्पीकर) आणि १५ इंची टॉप (वरच्या सुरांचे). ऑक्टोपॅडचा दणका ५० ते १०० हर्ट्झमध्ये. सगळं एकाच लिमिटरमधून (आवाज ठरलेल्या पातळीवर अडवणारं यंत्र) जात असेल तर प्रत्येक दणक्याला लिमिटर अख्खा आवाज खाली दाबतो आणि मग सोडतो. क्लॅरिनेटचा लांब सूर त्यात गचके खातो. त्यावर कीबोर्डवाला ब्रासचा टोन डाव्या हातानं भरून ठेवतो, तोही ८०० ते २००० हर्ट्झमध्ये. म्हणजे क्लॅरिनेटच्याच खुर्चीवर येऊन बसतो.

काय करायचं:

बेसचा लिमिटर वेगळा, टॉपचा वेगळा. खालचे आणि वरचे सूर वेगळे करणारा क्रॉसओव्हर असेल तर हे पाच मिनिटांचं काम आहे. कीबोर्डच्या चॅनेलवर एक हजाराच्या आसपास तीन-चार डेसिबल काढा. क्लॅरिनेटच्या चॅनेलवर १२० च्या खालचं सगळं कापा, त्याचा सगळ्यात खालचा सूरच १४७ हर्ट्झचा आहे. एको फक्त गायकाला, तोही मोजून: ६०,००० भागिले लय. लय १६० असेल तर एक मात्रा ३७५ मिलिसेकंद. अंदाजानं फिरवलेला एको तालाशी भांडतो आणि ढोल फाटका वाटतो.

माइक लावताना हमखास होणारी चूक म्हणजे तो क्लॅरिनेटच्या कर्ण्यापाशी धरणं. ट्रंपेटचा सगळा आवाज कर्ण्यातून येतो, क्लॅरिनेटचा येत नाही. तो भोकांतून येतो; कर्ण्यातून फक्त अगदी खालचे सूर. म्हणून माइक मधल्या चाव्यांसमोर, वीतभर ते दीड वीत अंतरावर. चालत्या वरातीत स्टँड शक्य नाही, चिमट्याचा माइक नळीच्या मध्यावर लावतात.

आणि हे सगळं करूनही एक भानगड उरते. वाजवणारे पुढं, गाडी मागं, टॉपचं तोंड वाजवणाऱ्यांच्या पाठीवर. माइक उघडला की शिट्टी. मग साउंडवाला काय करतो? क्लॅरिनेटचा फेडर, म्हणजे आवाजाची सरकती दांडी, खाली. वरात संपेपर्यंत तो वर येत नाही. टॉप गाडीच्या वरच्या पट्टीवर माणसांच्या डोक्याहून उंच चढवून बाजूला वळवले तर थोडी सुटका होते. त्याहून सोपा मार्ग: ब्रास आणि क्लॅरिनेटला माइकच देऊ नका, गाडीचा आवाज एवढा खाली ठेवा की गाडीपाशी उभं राहून मोठा ढोल नुसत्या कानानं ऐकू यावा. जुन्या पेठांतल्या गल्ल्यांत दोन्ही बाजूंच्या भिंती आवाज परत फेकतात, तिथं माइकशिवाय काम भागतं. होम मैदानासारख्या मोकळ्या जागी भागत नाही, तिथं माइक लागणारच.

अजून एक. आवाजाला एक मीटर जायला साधारण ३ मिलिसेकंद लागतात. पहिली रांग गाडीपासून १५ मीटर पुढं असेल तर तिला गाडीचा ठेका ४४ मिलिसेकंद उशिरा ऐकू येतो. ती त्यावर वाजवते, मागच्या लोकांना वाटतं पुढचे रेंगाळतायत. पूर्वी ढोल रांगांच्या मधोमध असायचा, सगळे त्याच्यापासून चार-पाच मीटरच्या आत. आता ठेका गाडीत बसलाय. म्हणून अख्खा बँड ढिला वाटतो.

बाळीवेस_वरात

पट्टीचं डोक्यातच आलं नव्हतं. दोन उपप्रश्न. त्या लग्नात सुरुवातीला बरं वाजलं, तासाभरानं कीबोर्ड आणि क्लॅरिनेट एकमेकांना टोचायला लागले, हे का? आणि एखाद्याला चार क्लॅरिनेट परवडत नसतील तर कीबोर्डवर त्या जवळचं काही होतं का?

रीड_अडीच

टोचण्याचं कारण ऊन. हवा तापली की नळीत आवाज जास्त वेगानं धावतो आणि सूर चढतो. हिशेबानं दर अंशाला ३ सेंट, अर्धा स्वर म्हणजे १०० सेंट. जानेवारीतल्या गड्डा जत्रेच्या दिवसांतली पहाट आणि मे महिन्यातली आपल्याकडची दुपार यांत पंचवीस-एक अंशांचा फरक सहज असतो. फुंकीनं नळी आतून आधीच गरम असते म्हणून प्रत्यक्षात फरक हिशेबापेक्षा बराच कमी पडतो, पण १५-२० सेंट तरी चढतातच. कीबोर्ड जागचा हलत नाही. तो ४४० वर बसलेला, म्हणजे त्याचा ए कायम ४४० हर्ट्झचा.

दोन उपाय, दोन्ही करायचे. क्लॅरिनेटच्या तोंडाखालचा बॅरल एक-दीड मिलिमीटर बाहेर ओढायचा. दोनच्या पुढं ओढायचा नाही, कारण बॅरल ओढला की मधले आखूड नळीचे सूर जास्त उतरतात आणि खालचे कमी. वाद्य स्वतःशीच बेसूर होतं. तेवढ्यानं भागलं नाही तर मधला सांधा अर्धा मिलिमीटर. उरलेलं कीबोर्डनं करायचं: मास्टर ट्यून, म्हणजे तोच ए, ४४३ किंवा ४४५. ४४५ म्हणजे २० सेंट वर. ट्रान्सपोज आणि मास्टर ट्यून वेगळ्या गोष्टी आहेत, पुष्कळ कीबोर्डवाल्यांनी दुसरी कधी उघडलेलीच नसते. मिळवणी थंड वाद्यावर करायची नाही. पाच मिनिटं फुंकून नळी गरम झाल्यावर, आणि सावलीत नाही, जिथं वाजवायचं तिथं.

रीडकडे, म्हणजे तोंडाशी कंप पावणाऱ्या पातळ पट्टीकडे, कुणी बघत नाही. जुन्या आवाजात जो खरखरीत गोडवा होता तो वेताच्या रीडचा. सलग तीन तास चालत वाजवायचं म्हणून आता दोन नंबरचं मऊ रीड लावतात, फुंकायला हलकं. पण मऊ रीड जोरात फुंकलं की सूर उतरतो आणि माशी घोंगावल्यासारखा आवाज येतो. अडीच नंबर ओठांना जड, पण सूर भरीव. आपल्या कोरड्या हवेत रीडचं टोक दहा मिनिटांत वाळून लाटेसारखं वाकडं होतं. त्यामुळं:

वाजवण्याआधी मिनिट-दोन मिनिटं पाण्यात. खिशात तीन-चार रीडं, अर्ध्या-पाऊण तासानं बदल. रीडचं टोक मुखपट्टीच्या टोकाशी सपाट किंवा केसभर खाली, वर कधीच नाही. रीड बांधणाऱ्या पट्ट्याचा खालचा स्क्रू घट्ट, वरचा नुसता टेकलेला. दोन्ही आवळले की रीड गुदमरतं. प्लॅस्टिकचं रीड उन्हाला दाद देत नाही, मिळवणी टिकते, पण आवाज थोडा टोकदार येतो. मेच्या लग्नाला मी तेच सुचवीन, तुमच्या मुहूर्ताला वेताचंच.

चींचं दुसरं कारण गळका पॅड, म्हणजे चावीखालची भोक झाकणारी गादी. वरचा जोड वेगळा काढून भोकं बोटांनी बंद, खालचं तोंड तळव्यानं बंद, वरून हवा ओढायची. ओढ चार-पाच सेकंद टिकली तर ठीक. लगेच सुटली तर एकेका पॅडखाली पातळ कागदाची पट्टी धरून ओढून बघा. जिथं सहज निसटते तो पॅड गेला. लाकडी नळी या कोरडेपणात तडकते, रस्त्यावरच्या कामाला एबोनाइट किंवा प्लॅस्टिकचीच बरी. एबोनाइट उन्हानं हिरवट पडतं, दिसायला वाईट, वाजायला काही नाही.

कीबोर्डचं. चार क्लॅरिनेटचा आवाज एकाच्या चौपट नसतो. चौघं एकमेकांपासून चार-पाच सेंटनी इकडंतिकडं असतात आणि त्यातून जी हलकी लहर उठते तोच तो आवाज. ८८० हर्ट्झच्या सुरावर ५ सेंटचा फरक म्हणजे सेकंदाला अडीच लहरी. कीबोर्डवर एकच टोन लावला की ही लहर नसते, म्हणून तो मेलेला वाटतो. क्लॅरिनेटचे दोन टोन एकावर एक लावा, एक ६ सेंट वर, एक ६ सेंट खाली. टोन मोनो करा (एका वेळी एकच सूर), पोर्टामेंटो (सुरावरून सुरावर घसरणं) अगदी थोडा, पिच बेंड (चाकानं सूर वाकवणं) दोन स्वरघरांचा. क्लॅरिनेटची भोकं बोटानं हळूहळू उघडून मींड काढतात, ती बेंडच्या चाकानं बऱ्यापैकी येते. त्या टोनवर कॉर्ड दाबायचा नाही. आणि दर दोन आवर्तनांनी हात उचलायचा. माणूस श्वास घेतो, कीबोर्ड घेत नाही, कानाला हे लगेच कळतं.

तरी ते जवळचंच होईल. तेच होणार नाही.

नवी_पेठ_२१

सगळे बँडवाल्यांना शिकवताय, एक बाजू राहिली. तीन तासांत नवरदेवाच्या मित्रांकडून चिठ्ठी येते ती काल आलेल्या गाण्याची. वहीत ते नसतं. ते बसवायला मास्तरला दोन दिवस लागतात, कीबोर्डवाला मोबाइलवर ऐकून पाच मिनिटांत वाजवतो. "हे येत नाही" म्हटलं की पुढची सुपारी दुसऱ्याला. क्लॅरिनेट हाताला बसायला वर्षं जातात, ऑक्टोपॅडवर पोरगं एका हंगामात उभं राहतं आणि पैसे तेवढेच घेतं. मग सांगा, कुठला बाप पोराला फुंकायला लावेल? जुना आवाज हवा असेल तर चिठ्ठ्या बंद करा, एवढंच माझं म्हणणं.

काळी_पाच

@नवी_पेठ_२१ बरोबर आहे, आणि म्हणूनच सुपारी देतानाच यादी द्यायची. त्यावर खाली लिहितो. आधी तालाचं कुणी लिहील का? तो माझा प्रांत नाही.

लेझीम_साखरपेठ

तालाचं घ्या.

मोठ्या ढोलाला पूर्वी चामड्याचं पान होतं. आपल्याकडं सगळ्यात जास्त पाऊस सप्टेंबरात, नेमका गणपतीत. ओलं चामडं सैल पडतं, विसर्जनाच्या मिरवणुकीत ढोल "भद् भद्" करायला लागतो, दर अर्ध्या तासानं शेक द्यावा लागतो. म्हणून प्लॅस्टिकचं पान आलं. ते भिजत नाही, पण जाड चामडं वरचे बारीक कंप गिळून घेतं तसं ते गिळत नाही. "धुम्म" जाऊन "टप्प" झालं. लग्न कोरड्या दिवसांत असेल तर चामड्याचा ढोल मागायला हरकत नाही. प्लॅस्टिकचंच असेल तर पानाच्या आतून, कडेपासून चार बोटं सोडून, नमद्याची किंवा जाड कापडाची दोन-तीन इंची पट्टी चिकटवा, नटांना अर्धा आटा ढील द्या आणि लाकडी टिपरूऐवजी कापड गुंडाळलेली मोगरी घ्या. तिन्ही केलं तर लांबून फरक कळत नाही.

ऑक्टोपॅड काढायलाच लावू नका, तो भांडणाचा विषय होतो. त्याला दोन गोष्टी सांगा. पॅडची सेन्सिटिव्हिटी अशी लावायची की हळू मारलं तर हळू वाजलं पाहिजे. बहुतेकांनी ती एवढी चढवलेली असते की बोट लागलं तरी पूर्ण दणका. आणि खरा ढोल, साइड ड्रम वाजत असताना ढोलाचा पॅड मारायचा नाही. दोन ढोल पाच-दहा मिलिसेकंदांनी मागंपुढं पडले की दोन्ही पातळ होतात.

लेझीमवाल्यांचं दुखणं वेगळंच हाय. कीबोर्डची आपोआप वाजणारी लय एका आकड्यावर ठोकलेली असते. लेझीम १०० च्या आसपास सुरू होऊन पवित्रा बदलत बदलत १३० पर्यंत चढायला पाहिजे. यंत्र चढत नाही, पोरं चढतात, मग निम्मी फळी पुढं निम्मी मागं. यंत्राची लय बंद करा, ढोलाला पुढं घ्या, कीबोर्डला मागून यायला सांगा. बोटानं ठोकून लय बदलायचं, टॅप टेंपोचं बटण असतं, पण वरातीत ते दाबत बसायला कुणाला सुचतंय बे!

काळी_पाच

आता सुपारी. विसार देण्याआधी एका कागदावर लिहून घ्या, तोंडी नको. मी असं लिहीन:

"२१ माणसं" असं नाही लिहायचं. त्यात खुळखुळे मोजले जातात. लिहायचं: फुंकणारे अकरा. क्लॅरिनेट चार, ट्रंपेट चार, युफोनियम दोन, सॅक्सोफोन एक. ताल चौघांचा. बजेट कमी असेल तर सहा फुंकणारे: क्लॅरिनेट तीन, ट्रंपेट दोन, युफोनियम एक. कापायचं तर ट्रंपेट कापा, युफोनियम पूर्ण काढू नका. तो कुणाला ऐकू येत नाही असं वाटतं, नसला की सगळा आवाज पायाशिवायचा होतो.

गाण्यांची यादी तीन आठवडे आधी. बारा गाणी पुरतात, तीन तासांत ती फिरून येतातच. त्यांतली आठ बँडच्या वहीतली, मास्तरांनाच निवडू द्या. चार तुमच्या आवडीची नवीन. प्रत्येक गाण्यापुढं पट्टी लिहून घ्या, काळी पाच, काळी दोन किंवा पांढरी चार. मास्तर हे ऐकून हसतील, पण खूश होतील.

गायक कधी, नुसता बँड कधी, हेही ठरवा. घरातून निघताना आणि मांडवात शिरताना गायक बंद, कीबोर्ड बंद. मधे नाचायला जे करायचं ते करू देत. हे मधलं सोडून दिलं की बँडवालेही बाकीचं मन लावून करतात, आणि @नवी_पेठ_२१ म्हणतात त्या चिठ्ठ्यांनाही जागा राहते.

बाहेरची माणसं आणणार का ते विचारा. मोठ्या तिथीला एकाच नावाखाली दोन-तीन वराती निघतात आणि फुंकणारे इकडून तिकडून गोळा होतात. वाईट हेतू नसतो, पण ज्यांनी एकत्र वाजवलेलं नाही ते दुसरी ओळ वाजवू शकत नाहीत, सगळे चालीवरच जातात. दाट मुहूर्त सोडून आडवारचा मुहूर्त मिळाला तर मूळ माणसं मिळण्याची शक्यता वाढते. आणि चौघं म्हणण्याऐवजी "पहिला आणि दुसरा क्लॅरिनेट तुमचेच हवेत" एवढं म्हणा.

सुपारी देण्याआधी त्यांच्या तालमीला जाऊन या. कीबोर्ड बंद करायला सांगा आणि वहीतलं कुठलंही एक गाणं ऐका. दुसऱ्या क्लॅरिनेटकडं बघा, पहिल्याकडं नाही. त्याची बोटं पहिल्यासारखीच पडत असतील तर दुसरी ओळ शिल्लक नाही. वेगळी पडत असतील तर तो आवाज अजून आहे, फक्त गाडीखाली दबलाय.

बाळीवेस_वरात

छापून घेतो हे. शेवटची शंका. वरात दहाच्या पुढं गेली तर गाडी बंद करून नुसता बँड वाजवला तर चालतो, असं मंडपवाला म्हणाला. खरं का?

गाडीवरचा_साउंड

नाही. पूर्वी नियमात फक्त लाउडस्पीकर होता म्हणून लोकांच्या डोक्यात तेच बसलंय. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालचे, त्यात २०१० साली दुरुस्ती झाली आणि वाद्यंही आत आली. रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर स्पीकरही नाही आणि ढोल-ट्रंपेटही नाही. राज्य सरकार वर्षातले जास्तीत जास्त पंधरा दिवस सणासुदीला बारापर्यंत सूट देऊ शकतं, तुमचं लग्न त्यात धरू नका. दिवसासुद्धा रहिवासी भागात मर्यादा ५५ डेसिबलची आहे, आणि दवाखाना, शाळा, कोर्ट यांच्या १०० मीटरच्या आत सरकारनं जाहीर केलेलं शांतता क्षेत्र असू शकतं. वरातीच्या रस्त्यावर असं काही असेल तर तेवढा टप्पा नुसतं चालायचं, हेही कागदावर घ्या.

संध्याकाळी साडेसहाला निघा. उजेड गेलेला असतो, हवा उतरलेली असते, मिळवणी टिकते.

रीड_अडीच

आणि निघण्याआधी बॅरल परत आत ढकलायला सांगा. दुपारी ओढलेला असतो, संध्याकाळी तसाच राहतो, मग सगळे म्हणतात कीबोर्ड चढा आहे.